हमटा पासचा एक दिवस: खान्देशातून पहिल्यांदा हिमालयात जाणाऱ्यांसाठी

दरवर्षी उन्हाळा लागला की जळगाव, भुसावळ, धुळ्याकडचं कोणी ना कोणी विचारतंच की भाऊ, हिमालयात पहिला ट्रेक कोणता करू. मी बहुतेकांना हमटा पास सांगतो. मनालीपासून जवळ आहे, चार-पाच दिवसांत होतो, दोरखंड बांधून चढायची भानगड नाही, आणि कुल्लूच्या हिरव्या खोऱ्यातून निघून लाहौलच्या उघड्याबोडक्या खोऱ्यात उतरता येतं. बाकीच्या दिवसांचे व्हिडिओ नेटवर ढिगाने पडलेत म्हणून ते सोडतो. इथे फक्त पास, म्हणजे डोंगररांगेतली खिंड, ओलांडायच्या दिवसाबद्दल लिहितो आणि त्या दिवसासाठी घरून काय करून जायचं ते, कारण माणसं जी ढेपाळतात ती याच दिवशी.

सगळ्यात आधी एक गोष्ट समजून घ्या. गडावर चढतो आणि त्याच वाटेने खाली येतो तसं पासचं नसतं, चढून पलीकडे उतरावं लागतं. म्हणजे माथ्यावर पोचलात, फोटो काढले, ‘गणपती बाप्पा मोरया’ झालं, की दिवस अर्धा झाला, आणि उरलेला अर्धा गुडघ्यांचा. शेवटच्या कॅम्पवर, म्हणजे बालू का घेरा इथे, तुम्ही साधारण ३,६०० मीटरवर असता, पास ४,२७० मीटर, आणि पलीकडचा शिया गोरूचा कॅम्प साधारण ३,९०० मीटर. हे तीन आकडे नीट बघा. पलीकडचा कॅम्प अलीकडच्यापेक्षा वर आहे! अलीकडे त्रास होत असेल आणि तुम्ही ‘एकदा पास झाला की खालीच जायचंय’ म्हणून रेटून नेलं, तर रात्री झोपाल ते आदल्या रात्रीपेक्षाही उंचावर, आणि तिथून रस्ता गाठायला आणखी एक दिवस चालायचं. त्यामुळे पुढे जायचं की मागे फिरायचं हा निर्णय माथ्याच्या अलीकडेच घ्यायचा असतो. अलीकडून मागे फिरलं की सरळ खाली वाटेतले आधीचे टप्पे चिका, जोब्रा आणि गाडीरस्ता.

कोणी आधी डॉक्टरकडे जायचं

बीपी, दमा, हृदयाचा त्रास, साखर, अंगात रक्त कमी असणं, हे असेल तर डॉक्टरला स्पष्ट सांगायचं की ४,२०० मीटरच्या वर जातोय. नुसतं ‘फिटनेस सर्टिफिकेटवर सही द्या’ म्हणून उभ्या उभ्या कागद आणू नका.

आपल्या भागासाठी एक खास सांगतो जे पुण्या-मुंबईच्या ट्रेकवाल्यांच्या लिस्टमध्ये सहसा नसतं, ते म्हणजे सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. नंदुरबार, धडगाव, अक्कलकुवा, साक्री, नवापूर, चोपडा-यावलचा सातपुड्याचा पट्टा, इथल्या आदिवासी समाजात सिकलसेलचं प्रमाण जास्त आहे. आजार असलेल्या माणसाने एवढ्या उंचीवर जाऊच नये. पण जो नुसता वाहक आहे, ज्याला खाली कधीच काही त्रास झाला नाही, त्यालाही उंचीवर ऑक्सिजन कमी पडला की प्लीहेचा रक्तपुरवठा अडकून डाव्या बरगडीखाली जबर दुखू शकतं. तपासणी सरकारी दवाखान्यात होते. घरात कोणाला असेल किंवा कधी तपासलंच नसेल तर जायच्या आधी तपासून घ्या. लाजायचं काही नाही त्यात.

तयारी: सपाटीवरच्या माणसाने चढ कुठून आणायचा

आपली अडचण ही की तापीचं खोरं एकदम सपाट. जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटरवर. मेहरूण तलावाला चकरा मारून दम वाढतो, बरोबर आहे, पण मांड्यांना चढ-उताराची सवय लागत नाही. तर निदान दोन महिने आधीपासून असं करा: आठवड्यातले चार दिवस पहाटे ५ ला बाहेर पडायचं, कारण ७ नंतर मे महिन्यात आपल्याकडे पळणं म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. पळत-चालत ५ किलोमीटर, हळूहळू ३५-४० मिनिटांत आणायचे. उरलेल्या दिवशी जिने. अपार्टमेंटचा असो, ऑफिसचा असो, पाठीवर ५-६ किलोची बॅग घेऊन चढायचं आणि उतरायचंही जिन्यानेच, लिफ्टने नाही. उतरायची प्रॅक्टिस कोणीच करत नाही आणि मग शिया गोरूच्या उतारावर पाय लटलट करतात.

रविवारी डोंगर. धुळेकरांना लळिंग आहे हायवेलाच लागून, चाळीसगावकरांना पाटणादेवी, तिथून कण्हेरगड किंवा पितळखोऱ्याकडची चढाई. जळगाव-यावलकडच्यांना मनुदेवीच्या मागचा सातपुडा आहे. नंदुरबार-शहाद्याच्या लोकांची तर मजाच, तोरणमाळ आहे आणि अस्तंभा आहे. ज्यांनी दिवाळीत अस्तंभ्याची यात्रा केलीय, १,३२५ मीटरचं शिखर, रात्रीचं चालणं, खडी चढण, वर वारा, त्यांना पहाटे अंधारात हेडलॅम्प लावून चालायचं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. शेवटच्या महिन्यात एकदा साल्हेर करून या. महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला, १,५६७ मीटर, आणि साल्हेर-सालोट्यामधली खिंडही बघून होते. मांगी-तुंगीच्या हजारो पायऱ्या उतरणं ही पण गुडघ्यांची चांगली परीक्षा.

एक मात्र लक्षात असू द्या, ह्या सगळ्या तयारीने पाय आणि दम तयार होतो, उंची सोसण्याची ताकद त्याने येत नाही. हाफ मॅरेथॉन पळणारा पोरगा ३,६०० मीटरवर डोकं धरून बसतो आणि त्याच ग्रुपमधल्या पन्नाशीच्या मावशी निवांत चहा पीत असतात, असं होतं. ४५ डिग्रीत शेतात राबणाऱ्या माणसालाही उंची सूट देत नाही.

कधी जायचं

सीझन साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. जूनमध्ये पासवर बर्फ भरपूर. जुलै-ऑगस्टमध्ये फुलं आणि हिरवळ, पण कुल्लूच्या बाजूने पाऊस आणि दरडी. माझं मत विचाराल तर पेरण्या, कानबाई, पोळा सगळं आटोपून सप्टेंबरमध्ये जा. बर्फ कमी असतो हे खरं, फोटोत तेवढं पांढरं दिसत नाही, पण आकाश मोकळं आणि वाट कोरडी. ज्यांना बर्फ बघायचाच आहे त्यांनी जून धरावा आणि ओले बूट सोसायची तयारी ठेवावी.

जाणं सोपं आहे. पंजाब मेल, कर्नाटक एक्सप्रेस, भुसावळवरून दिल्लीच्या गाड्या हव्या तेवढ्या, रिझर्वेशन मात्र आधी. दिल्लीत काश्मिरी गेटवरून रात्रीची मनाली बस. मनालीत (साधारण २,०५० मीटर) एक अख्खा दिवस आणि रात्र काढा. बसमधून उतरून तसंच जोब्राच्या गाडीत बसणं हा दोन हजार रुपये वाचवायचा मार्ग नाही, तो पासच्या दिवशी उलटी करायचा मार्ग आहे.

उंचीचं गणित, थोडक्यात पण वाचाच

हवेत ऑक्सिजनचं प्रमाण वर पण २१ टक्केच असतं. कमी होतो तो हवेचा दाब. ४,२७० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या जवळपास ६० टक्के उरतो, म्हणजे एका श्वासात घरी सोळा आणे ऑक्सिजन मिळत असेल तर इथे दहा आणेच. शरीर याची सवय करून घेतं, पण वेळ मागतं. म्हणून ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असा नियम आहे. जोब्रा-चिका-बालू का घेरा असे टप्पे त्यासाठीच पाडलेत. एखादा ऑपरेटर ‘आपण चिकाचा मुक्काम वाचवू’ म्हणाला तर दुसरा ऑपरेटर बघा.

त्रासाची लक्षणं: डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, चक्कर, फार थकवा. डोकं दुखतंय आणि सोबत यातलं अजून एखादं असेल तर ते उंचीचंच आहे असं धरून चाला, ‘पित्त झालं असेल’ नाही. अशा वेळी वर चढायचं नाही, तिथेच थांबायचं, आणि कमी होत नसेल किंवा वाढत असेल तर खाली उतरायचं. आता याच्या पुढची दोन लक्षणं अशी आहेत की जी दिसली तर रात्र असो की पाऊस, ताबडतोब खाली. पहिलं, बसल्या जागी धाप लागणं, खोकला, छातीत घरघर, फेसाळ किंवा गुलाबीसर थुंकी, हे फुफ्फुसात पाणी भरायला लागल्याचं. दुसरं, माणूस बरळायला लागणं किंवा तोल जाणं, हे मेंदूला सूज आल्याचं. तोल तपासायला सोपी युक्ती आहे, जमिनीवर सरळ रेघ मारा आणि टाचेला बोट लावत लावत चालायला सांगा. पिलेल्या माणसासारखा झोकांडत असेल तर वाद घालायचा नाही. दोघांनी धरून खाली न्यायचं. एकट्याला पाठवायचं नाही, कधीच.

डायमॉक्स ही गोळी बरेच जण घेतात, सवय लवकर व्हायला तिची मदत होते. पण डोस डॉक्टरकडून, आणि सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगायचं. गोळी घेतल्यावर बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला जास्त जावं लागतं, घाबरू नका. गोळी घेतली म्हणजे लक्षणांकडे बघायचं नाही असं मात्र नाही.

आणि ऑक्सिमीटर! तो आकडा बघून लोकं उगाच अर्धी होतात. बालू का घेराला ८५-९० च्या आसपास आकडा बऱ्याच धडधाकट माणसांचा येतो. थंड बोटांवर तर अजून कमी दाखवतो, आधी हात चोळून गरम करा. आकड्यापेक्षा माणूस कसा आहे ते बघायचं: जेवतोय का, बोलतोय का, सरळ चालतोय का.

आपल्याकडच्या लोकांची एक सवय इथे घात करते. डोकं ठणकत असतं, जेवण जात नसतं, आणि गाइडने विचारलं की उत्तर काय तर ‘काहीच नही व्हस भो’. बाकी ठिकाणी हा बाणा ठीक आहे. इथे त्रास लपवला की तुमच्यामुळे अख्ख्या ग्रुपला पासच्या पलीकडे अडकायची वेळ येते.

बॅगेत काय, अंगावर काय

हिशोब असा की दर १,००० मीटरला तापमान साधारण साडेसहा डिग्रीने उतरतं. जळगाव ते पास म्हणजे चार हजार मीटर, म्हणजे नुसत्या उंचीनेच २६ डिग्री कमी, वर वारा वेगळा.

कॉटन नको. आपल्याला बनियन, जीन्स, कॉटनचा शर्ट याची सवय, पण घाम आला की कॉटन वाळत नाही आणि माथ्यावर थांबलात की तोच ओला बनियन अंगाला बर्फासारखा चिकटतो. आत लवकर वाळणारा टी-शर्ट, वर फ्लीस, त्यावर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. फुगीर जाड जॅकेट बॅगेत, ते थांबल्यावर घालायला. चालताना थोडी थंडी वाजली पाहिजे, इतकेच कपडे.

बाकी भराभर सांगतो: घोट्याच्या वरपर्यंतचे चांगल्या ग्रिपचे बूट, नवे करकरीत नाही, निदान महिनाभर वापरलेले. हातमोजे दोन जोड, एक पातळ, एक वॉटरप्रूफ. कानटोपी. पोंचो. हेडलॅम्प आणि जादा सेल. दोन काठ्या, एक चालते पण दोन घ्या. दोन लिटर पाण्याची सोय. नाल्यासाठी मागून पट्टा असलेली सँडल. मोजे तीन-चार जोड, त्यातली एक जोड फक्त झोपायला, ती काही झालं तरी ओली होऊ द्यायची नाही. मायक्रोस्पाइक (बर्फावर घसरू नये म्हणून बुटाखाली लावायचे दाते) आणि गेटर (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर बांधायचं आवरण) बहुतेक ऑपरेटर देतात, आधी विचारून घ्या.

गॉगल हा विषय लोकं हसण्यावारी नेतात. उंची वाढते तशी अतिनील किरणं वाढतात, दर हजार मीटरला साधारण १० टक्के, आणि ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत तोंडावर फेकतो. उघड्या डोळ्यांनी चार तास बर्फावर चाललात तर संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, पाणी येतं, उघडवत नाहीत. त्यामुळे चांगला यूव्ही गॉगल, कडेने बंद असलेला असेल तर उत्तम. सनस्क्रीन नाकाच्या खाली आणि हनुवटीखाली पण लावायची, ऊन खालून येतं तिथे. आपण उन्हाळ्यात गाडीवर जसा रुमाल तोंडाला बांधतो तसा पातळ रुमाल इथेही कामाचा.

खाणं: पासच्या दिवशी तोंडाला चव नसते, म्हणून जे घरी आवडतं तेच न्या. शेंगदाणे-गूळ, राजगिऱ्याची चिक्की, खजूर, आणि आपले केळीचे वेफर्स, हलके असतात आणि खारट असल्यामुळे वर बरे लागतात. फक्त पाकीट कडक बंद असेल तर वर फुगून टम्म होतं, हवा काढून घ्या. कळणाची भाकरी-ठेचा मनालीपर्यंत ठीक, वर ठेचा नको, ऐका माझं. ओआरएसची पाकिटं दोन-तीन.

महिलांसाठी: उंचीवर पाळी मागे-पुढे होते, तारीख नसली तरी पॅड सोबत ठेवा आणि वापरलेले परत आणायला बंद होणारी पिशवी. वाइप्सचंही तेच, सगळ्यांसाठी, तिथे काही टाकून यायचं नाही.

आदल्या संध्याकाळी, बालू का घेरा

कॅम्पवर पोचल्यावर तंबूत आडवे होऊ नका. तास-दीड तास आराम झाला की गाइडबरोबर पासच्या वाटेने शंभर-दीडशे मीटर उंची चढून परत यायचं. कंटाळा येतो, पण रात्री झोप बरी लागते. मेंढ्यांचे कळप घेऊन आलेले गद्दी लोक दिसले तर त्यांच्या कुत्र्यांपासून लांब, ती राखणीची असतात, लाड करायची नाहीत.

बॅग संध्याकाळीच भरा. वर हाताला लागतील असं: गॉगल, हातमोजे, पोंचो, खाऊ, पाणी. पायाची नखं कापा, हे घरूनच. जेवण पोटभर, इच्छा नसली तरी. दारू, झोपेची गोळी अजिबात नाही, दोन्हीने झोपेत श्वास मंद होतो. सिगारेट-तंबाखूवाल्यांना मी सांगून ऐकणार नाहीत, तरी सांगितलं. फोन आणि पॉवर बँक स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा, थंडीत बॅटरी बघता बघता उतरते.

पहाट

साधारण ३:३०-४ ला उठवतात, ५ च्या आसपास निघणं. एवढ्या लवकर का? एक, रात्रीच्या गारठ्याने बर्फ कडक असतो, दुपारी तोच भुसभुशीत होऊन मांडीपर्यंत पाय आत जातो. दोन, दुपारनंतर पासवर ढग आणि वारा येतो. तीन, बर्फ वितळला की नाल्यांचं पाणी चढतं. म्हणजे पहाटे तासभर झोपलात तर तो तास दुपारी व्याजासकट वसूल होतो. आंघोळीचा विचार करणाऱ्यांना नमस्कार.

गरम पाणी दोन कप, मग नाश्ता, मग बाटल्या भरणं. निघताना जाड जॅकेट काढा. कुडकुडाल दहा मिनिटं, मग अंग तापतं. जॅकेट घालून निघालेला माणूस पहिल्या अर्ध्या तासात घामाघूम होऊन सगळ्यांना थांबवतो, हे ठरलेलं.

चढ

पहिले दोन तास वाट दगडगोट्यांतून, हिमनदीने आणून टाकलेल्या मोरेनवरून जाते. अंधारात समोरच्याच्या पायाकडे बघत चालायचं. वेग असा की शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांत धाप लागत असेल तर तुम्ही जोरात चालताय, मग भले तुम्ही सगळ्यात मागे का असेना. मागे राहण्यात काही कमीपणा नाही, शेवटी स्वीपर, म्हणजे सगळ्यांच्या मागून चालणारा गाइडचा माणूस, असतोच.

खड्या चढावर युक्ती: पाऊल टाकलं की मागचा पाय क्षणभर सरळ ताठ ठेवून सगळं वजन हाडावर द्यायचं, स्नायूला तेवढीच सुट्टी, मग पुढचं पाऊल. श्वास नाकाने आत आणि तोंडाने फुंकर मारल्यासारखा जोरात बाहेर. दर तासाला पाच-सात मिनिटं थांबा, जास्त नाही, अंग थंड पडतं. प्रत्येक थांब्यावर दोन घोट पाणी आणि एक घास काहीतरी, तहान-भुकेची वाट बघायची नाही. दिवसभरात तीन-चार लिटर जायला पाहिजे. लघवीचा रंग गडद पिवळा दिसला तर पाणी कमी पडतंय.

बर्फाचा पट्टा आला की गाइडने पाडलेल्या खाचांतच पाय, शहाणपणा करून शेजारून नवी वाट काढू नका. स्पाइक लावायचे ते बर्फ सुरू व्हायच्या आधी सपाट जागेवर बसून, मधल्या उतारावर एका पायावर नाचत नाही.

मग सुरू होतो तो डोकं फिरवणारा भाग. समोर माथा दिसतो, तुम्ही जीव काढून पोचता, आणि त्याच्या मागे अजून एक माथा. मग अजून एक. हमट्यावर असे फसवे माथे एकापेक्षा जास्त आहेत आणि नवीन माणूस नेमका इथेच खचतो. सोपा उपाय म्हणजे वर बघायचंच नाही. गाइडला ‘और कितना है भाईजी’ विचारू नका, तो ‘बस आधा घंटा’च म्हणणार, ते सगळ्या हिमाचलात ठरलेलं उत्तर आहे.

साधारण ११ च्या आसपास माथा यायला पाहिजे. ग्रुपने आधीच एक परतीची वेळ ठरवून घ्या, १२ किंवा फार तर १, गाइड सांगेल ती. त्या वेळेपर्यंत माथा आला नाही तर जिथे असाल तिथून मागे, मग माथा शंभर मीटरवर का दिसत असेना. ही वेळ कॅम्पवर शांत डोक्याने ठरवायची, वर गेल्यावर प्रत्येकजण वकील होतो.

माथ्यावर

आकाश मोकळं असेल तर इंद्रासन (६,२२१ मीटर) समोर उभं दिसतं, देव टिब्बा (६,००१ मीटर) त्याच रांगेतला. मागे वळून बघितलं की हिरवं कुल्लू, पुढे तपकिरी-राखाडी लाहौल, झाड औषधालाही नाही. पाऊस अलीकडच्या बाजूला पडून जातो, पलीकडे ढग रिकामे पोचतात. आपलं खान्देश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे तोच प्रकार, फक्त इथे भिंत चार हजार मीटरची आहे म्हणून फरक एका पावलावर दिसतो.

थांबायचं वीस मिनिटं. पोचल्या पोचल्या जाड जॅकेट चढवा, फोटो त्यानंतर. खा, प्या, आणि निघायच्या आधी एक काम विसरू नका, बुटाची लेस सोडून घोट्याजवळ परत घट्ट बांधा. नाहीतर उतारावर पाय पुढे सरकून बोटं बुटाच्या टोकाला आपटतात आणि नखं काळी पडतात. काठ्याही चढापेक्षा थोड्या लांब करा.

उतार

शिया गोरूकडचा उतार चढापेक्षा खडा आहे आणि पडझड बहुतेक इथे होते, कारण मनाने दिवस संपलेला असतो. बर्फ मऊ असेल तर टाच रोवून, गुडघे थोडे वाकवून, अंग मागे न टाकता उतरा. माणूस घाबरला की मागे झुकतो आणि झुकला की घसरतो. जूनमध्ये गाइड बसून घसरायला लावतात, मजा येते, पण तो सांगेल त्याच जागी, आणि स्पाइक काढून. स्पाइक अडकला तर घोटा पिरगळतो.

बर्फ नसेल तिथे सुटी खडी. एकाच्या बरोबर खाली दुसऱ्याने उभं राहायचं नाही. दगड सुटला तर मोठ्याने ‘पत्थर!’ ओरडायचं, सगळ्यांना कळतं. इथे सेल्फी नाही, गाणी नाही, मधून मधून थांबून गुडघ्यांना आराम. ज्यांनी जिने उतरायची प्रॅक्टिस केली ते इथे मला मनात धन्यवाद देतात, असा माझा समज आहे.

दुपारी २-३ पर्यंत कॅम्प लागतो. एकूण नऊ-दहा तास धरा.

कॅम्पवर, आणि दुसऱ्या दिवसाचा नाला

ओले मोजे लगेच बदला, गरम काहीतरी प्या, आणि लीडर असाल तर तंबू-तंबूत जाऊन प्रत्येकाला बोलतं करा. पास झाला म्हणून सगळे खुशीत असतात आणि एखादा कोपऱ्यात गप्प पडलेला असतो, त्याच्याकडे आधी जा. कॅम्प ३,९०० मीटरवर आहे हे विसरू नका, रात्री त्रास वाढू शकतो. नेटवर्क नाही, घरी आधीच सांगून ठेवलेलं असावं की दोन-तीन दिवस फोन लागणार नाही, नाहीतर आईसाहेब इकडे पोलीस स्टेशन गाठतील.

सकाळी छत्रूकडे जाताना नाला ओलांडावा लागतो आणि ते पाणी म्हणजे नुसता वितळलेला बर्फ. लवकर ओलांडायचा, सकाळी पाणी कमी असतं. बूट-मोजे काढून गळ्यात किंवा बॅगेला, सँडल घालून, अनवाणी नाही, तळाचे दगड गुळगुळीत असतात आणि दोन मिनिटांत पाय बधिर होऊन काय टोचतंय ते कळत नाही. बॅगेचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा, पडलात तर बॅग टाकता आली पाहिजे. तोंड पाणी येतंय त्या दिशेला, बाजू-बाजूने पाऊल, एकमेकांचे दंड धरून साखळी करून, आणि मध्ये थांबून किंचाळत बसायचं नाही. पलीकडे गेल्यावर पाय पुसून कोरडे करा, जोरजोरात चोळू नका, मोजे-बूट घालून चालायला लागा, गरम होतात आपोआप.

छत्रूला गाडीरस्ता मिळतो. तिथून मनालीला परत येताना बहुतेक गाड्या अटल बोगद्यातून आणतात, ९.०२ किलोमीटरचा, २०२० मध्ये सुरू झालेला. काही ग्रुप आधी चंद्रतालला जाऊन येतात, पण तो तलाव पुन्हा ४,२०० मीटरच्या वर आहे, तेव्हा रात्री ज्याचं डोकं दुखलं असेल त्याला तिकडे न नेता सरळ मनालीच्या गाडीत बसवा.

आणि ती सँडल पासच्या दिवशी संध्याकाळीच बॅगेत सगळ्यात वर काढून ठेवा. नाल्याच्या काठावर अख्खी बॅग उपसणारा एक तरी भाऊ प्रत्येक ग्रुपमध्ये निघतोच.